हौदातलं टक्कल

माझ्या मरणाचा पंचनामा मी स्वतः वाचलाय. तीन प्रती, मध्ये कार्बन, खाली दोन पंचांच्या सह्या. त्यात एक वाक्य असं आहे: ‘मयताचे डोके केसविरहित, पिवळसर, ठोकळमानाने गुळगुळीत.’ मेल्याचं मला काही वाटलं नाही. ‘ठोकळमानाने’ हा शब्द मात्र लागला.

कोयनेचा धक्का बसला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कार्तिक महिना, रविवार. सांगलीत कार्तिकातली थंडी नदीवरून येते आणि आमच्या खणभागात आली की मुक्काम ठोकते. मी पोस्टात सॉर्टर. आठवडाभर दुसऱ्यांची पत्रं निवडायची आणि रविवारी घरात बायको सांगेल ते करायचं.

त्या दिवशी मुक्ता सकाळीच मिरजेला निघाली होती. तिची मामी तिथं दवाखान्यात होती. उंबऱ्यातून एक पाय बाहेर टाकून तिनं कामं सांगितली.

‘वाकळा उन्हात टाका. बंब चिंचेनं घासा, तांब्याचा हाय का लोखंडाचा ते कळंना झालंय. नळाला पाणी आलं की हौद भरा. आन् दिवसभर शाण्यावाणी ऱ्हावा.’

‘शेवटचं काम जरा अवघड आहे,’ मी म्हणालो.

ती हसली नाही. आठ महिने झाले, हसत नव्हती असं नाही, पण मोजून हसत होती. आणि गात तर अजिबात नव्हती. ही गोष्ट आता सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर उभं आहे.

मुक्ताचे वडील वडूजला शाळामास्तर. लग्नात त्यांनी तिला तानपुरा दिला होता. पहाटे बंबात ढलप्या घालता घालता ती गुणगुणायची, आणि न्हाणंधुणं आवरलं की तानपुरा घेऊन बसायची. गेल्या शिमग्यात मला बुद्धी सुचली. आमच्या समोर नानासो राहतात. मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले, देह भारदस्त. कुणाच्याही घरी गेले की धप्पकन बसतात आणि मागच्या लोडाला टेकतात. मी काय केलं, लोड काढला, त्या जागी तानपुरा आडवा ठेवला आणि वर वाकळ घातली. नानासो टेकणार, आतून ‘टुंग’ होणार, नानासो उडणार, एवढाच कार्यक्रम होता. ‘टुंग’ झालंच नाही. ‘करकन’ झालं. भोपळ्याचे तीन तुकडे.

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ‘पाहुण्यांच्या पोरांपासून जपून ठेवला होता,’ असं काहीतरी बोललो. नानासोंनी कपाळाला हात लावला, मुक्तानं तुकडे गोळा केले, दांडी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. तेव्हापासून नानासो आमच्या घरी आले की जमिनीवर बसतात. टेकत नाहीत. एवढा मोठा माणूस ताठ बसलेला बघवत नाही हो.

आता मी वाह्यात आहे हे मला मान्य आहे. पण वाह्यात माणसालाही पोटात काहीतरी टोचतंच. दिवाळीआधी मी गुपचूप मिरजेला गेलो. तिथं एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते म्हणाले, ‘दांडी अच्छी असेल तर भोपळा नवा बसवून देतो. पण यंदा भोपळेच नाहीत. एक होता, तो तुमच्या सांगलीच्याच एका साहेबांनी धरून ठेवलाय. कुणाला सांगायचं नाही म्हणालेत. तुम्ही तुमचा आणा. बेचाळीस इंच घेर पाहिजे, कमी नको. आणण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवा, म्हणजे कापताना तडकणार नाही.’

मी मेव्हण्याला, धोंडिरामला, वडूजला पत्र टाकलं. त्यानं शेतातला वाळका कडू भोपळा एसटीच्या ड्रायव्हरकडून पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘चांगला पाच विती भरतोय.’ कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकणारी पोरं पाठीला बांधतात ना, तसला. दोन दिवस तो मी कोळशाच्या पोत्याखाली लपवला आणि या रविवारची वाट बघत बसलो. मुक्ता मिरजेला, मी घरी, आणि भोपळा हौदात. तिला कळायच्या आत तानपुरा जागेवर. कबुलीजबाबाची भानगडच नाही. अशी माझी योजना होती.

आमचा हौद म्हणजे एक प्रकार आहे. मूळ घर एकच. मालकानं मधे भिंत घालून दोन भाडेकरू केले, पण हौद एकच राहिला. भिंत त्याच्यावरून गेलीय, पाण्यात हातभर बुडते आणि तिथंच थांबते. म्हणजे वरून दोन हौद, खालून एक. पलीकडच्या अर्ध्यावर बाळगोंडा पाटील. जैन माणूस, हळदीचा व्यापारी, पाणीसुद्धा फडक्यानं गाळून पितो. हौदाचं पाणी फक्त धुण्याभांड्याला, म्हणून निभावलं.

वाळका भोपळा पाण्यात टाकला तर काय करतो? तरंगतो. हे मला टाकल्यावर आठवलं. मी हातानं दाबला, हात काढला की वर. पायानं दाबला, तोल गेला आणि मीच आत जाता जाता वाचलो. पुरुषभर खोल हौद, आणि मला पोहता येत नाही. कृष्णाकाठी जन्म जाऊन पोहता येत नाही हे गल्लीला माहीत आहे आणि गल्ली ते विसरत नाही.

मग स्वयंपाकघरातला पाटा आणला. भोपळ्याला ओरखडे नकोत म्हणून माझा लाल काठाचा पंचा त्याच्याभोवती गुंडाळला, वरून सुंभ, आणि सुंभाच्या टोकाला पाटा. गाठ मी मारली. रोज पन्नास थैल्यांची तोंडं बांधणारा माणूस मी, माझी गाठ बेळगावपर्यंत सुटत नाही. पाटा सोडला. भोपळा गपकन खाली गेला. मी हात पुसले आणि समाधानानं वाकळा वाळत टाकायला गेलो.

अर्धी वाकळ दोरीवर पडली असेल, हौदात ‘बुळुक’ असा आवाज झाला. येऊन बघतो तर आमच्या बाजूला निवांत पाणी. पाटा तळाला. सुंभाची गाठ शाबूत, फक्त तिच्यात भोपळा नाही. गुळगुळीत वस्तू, पंच्यासकट निसटली, आणि भिंतीखालून शेजारी गेली.

तेवढ्यात पलीकडून गुणमाला वहिनींचा आवाज आला. त्यांची न्हाणी अंधारी, त्यात बंब नुकताच पेटवलेला, धूर कोंडलेला.

‘आवं, हिकडं या जरा. हौदात पोस्टातलं भाऊजी हाईत.’

‘काय कराय लागल्यात?’ बाळगोंडांनी विचारलं.

‘काय न्हाई. नुसतं हाईत.’

‘त्यास्नी म्हणावं, पवाय येत न्हाई तर उतरू नगा.’

‘आवं, नाकतोंड खाली हाय. टक्कल तेवढं वर हाय. आन् गळ्यात त्यो लाल काठाचा पंचा.’

माझ्या टकलाची आणि त्या भोपळ्याची तुलना करायला माझी हरकत आहे. पण वहिनी अकरा वर्षं भिंतीवरून फक्त माझं टक्कलच बघत आलेल्या, त्यांची चूक धरता येत नाही. मी ‘अहो, मी इकडे आहे’ म्हणायला तोंड उघडलं, आणि बाळगोंडा जे बोलले त्यानं ते तसंच राहिलं.

‘गेलं गं. माणूस लय सोन्यासारखा.’

अकरा वर्षांत या माणसानं माझ्याबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. आता असं काही ऐकल्यावर कोण मधे बोलेल? मी भिंतीला कान लावला.

‘सोन्यासारखा, पण लय वाह्यात,’ बाळगोंडा पुढं म्हणाले. ‘भल्या पहाटं माझ्या दारात सनईवालं आणून बसवलं व्हतं. पाटलाच्या पोरीचं लगीन हाय म्हणून. मला पोरगीच न्हाई.’

मला हसू आवरेना. तोंडात वाकळेचा कोपरा कोंबला. तेवढ्यात काठी टेकत नानासो आले. मी म्हटलं, चला, आता खरी मजा.

नानासो न्हाणीच्या दारात थांबले. मग म्हणाले, ‘बाळगोंडा, हा जोतीराम माझ्यामुळं गेला.’

‘तुमी काय केलं?’

‘मुक्ताबाईंचा तानपुरा मी मोडला. तवापास्नं त्या घरात गाणं न्हाई. ह्यो वरवर दात काढायचा, पण आतनं खचला. घरचं गाणं गेलं की माणूस खचतोच. मी रोज समोरनं बघतोय गड्या. त्याच्या जिवाला लागलं, आन् त्यानं हौद जवळ केला.’

माझ्या तोंडातली वाकळ गळून पडली. नाक ओढल्याचा आवाज आला, तो नानासोंचा होता. कचेरीत तीस वर्षं लोकांना रडवलेला माणूस.

आता सांगा, या क्षणी बाहेर कसं यायचं? ‘मी जिवंत आहे आणि तुमचं सगळं बोलणं ऐकलं’ म्हणून? शिमग्याचा चावटपणा बरा, असा हा मोठा चावटपणा झाला असता, आणि तोही मी काही न करता. मी भ्यालो. अंगणात येऊन बाजेवर आडवा झालो आणि उन्हात टाकायला काढलेल्या तीन वाकळा अंगावर ओढून घेतल्या. थंडीही होती.

पलीकडे केरू हवालदार आले. चौकी दोन गल्ल्यांवर. ‘कुणी हात लावायचा न्हाई,’ हा त्यांचा पहिला हुकूम. कागद काढले, कार्बन घातला, धुरातनं डोळे पुसत, मोठ्यानं म्हणत पंचनामा लिहिला. म्हणून कुणी जवळ जाऊन बघितलंच नाही. पंच म्हणून बाळगोंडांनी सही केली, नानासोंनी केली. मग घरच्या माणसाकडून ओळख पटवायची म्हणून हवालदार आमच्या अंगणात आले.

‘वाकळंत कोन हाय?’

‘घरचाच माणूस,’ मी आतून म्हणालो.

‘मयताचं तुमी कोन?’

‘मीच.’

‘मंजी?’

‘मंजी मयत.’

हवालदारांनी वाकळ उचलली, माझ्याकडं बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं. ‘केसविरहित,’ ते वाचत म्हणाले, ‘पिवळसर. व्हय, जुळतंय.’ मग त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटलं आणि ते परत पलीकडं गेले. आकडी घालून त्यांनी ‘मयत’ बाहेर ओढला. पाच मिनिटांत सगळे आमच्या अंगणात. मधे भोपळा, गळ्यात पंचा.

गुणमाला वहिनी माझ्याकडं आणि भोपळ्याकडं आळीपाळीनं बघत होत्या, अजून पक्कं ठरत नसल्यासारख्या. बाळगोंडा म्हणाले, ‘मगाशी मी बोललो ते धरू नगा.’

‘सोन्यासारखा, ते?’

‘ते बी.’

नानासो पण आले होते. खाली जमिनीवर बसले होते. ताठ.

मला वाटलं, आता शिव्या खायच्या आणि भोपळा उचलायचा. पण सरकारी काम असं संपत नाही. केरू हवालदार म्हणाले, ‘पंचनामा शाईनं लिवलाय. पानांवर नंबर हाईत. मयत जित्ता निगाला म्हणून पान फाडता येत न्हाई. पुरवणी जबाब जोडावा लागंल. आन् ह्यो भोपळा मुद्देमाल. चौकीत जमा.’

‘किती दिवस?’

‘सायेब रजेवर हाईत. आलं की बगू.’

ओला भोपळा, चौकीतली कोंदट कोठडी. आठ दिवसांत त्याला बुरशी धरणार. मी हातापाया पडलो. हवालदार माणूस तसा मवाळ. म्हणाले, ‘हौदात कशापायी सोडला त्याचं कारण द्या. कारण पटलं तर पावती करून आत्ताच परत देतो.’

कारण. सगळी गल्ली कान देऊन उभी. माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, ‘पोहायला शिकायचं होतं.’

हवालदारांनी लगेच लिहिलं: ‘सदर भोपळा पोहणे शिकणेकामी आणला.’ मग मान वर करून विचारलं, ‘हौदात?’

‘सराव,’ मी म्हणालो.

‘पाटा बांधून?’ त्यांनी आमच्या हौदात डोकावून विचारलं.

गल्ली हसली. मीही हसणार होतो. पण नानासो हसले नाहीत. ते भोपळ्याकडं बघत होते, आणि त्यांना वाळका कडू भोपळा कशासाठी भिजवतात हे समजायला लागलं होतं, असं मला दिसलं. ते हळूच म्हणाले, ‘माझ्यापायी तुला ही यातायात, जोतीराम.’

तेव्हा मी जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

‘नानासो, तानपुरा तुम्ही नाही मोडला. मी मोडला. लोड काढून मी तो तिथं ठेवला होता, वर वाकळ घालून. तुम्हाला उडवायला. तुम्ही टेकलात, त्यात तुमचा काय दोष? आठ महिने मी गप्प बसलो. मुक्ताला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून चोरून नवा भोपळा बसवणार होतो.’

कुणी हसलं नाही. आणि मी बघितलं तर दारात मुक्ता उभी होती.

स्टँडवरून परत आली होती. मिरजेची गाडी त्या दिवशी उशिरा होती, आणि ती सुटायच्या आधी तिला कुणीतरी सांगितलं होतं की पोस्टातले गेले. एक चप्पल पायात, एक कुठं तरी राहिलेली, पदर छातीशी घट्ट धरलेला. तिचा चेहरा मी पुन्हा तसा बघितलेला नाही, आणि बघायची इच्छा नाही. स्टँडपासून खणभागापर्यंत ती विधवा होती.

ती आत आली. माझ्या दंडाला हात लावून बघितला. मग तो हात तिनं झटकन मागं घेतला.

‘झालं सांगून?’ ती म्हणाली.

‘तू कुठनं ऐकलंस?’

‘आज ऐकलं. ठावं तवाच व्हतं. तानपुरा काय आपल्या पायानं बैठकीत गेला आन् वाकळ पांघरून निजला? मी खट्याळाच्या घरात नांदते, मला कळंना व्हय. तुमच्या तोंडनं कवा निगतंय ह्याची वाट बघत बसले.’

‘म्हणून गात नव्हतीस?’

‘मग? माझा गळा काय त्या भोपळ्यात व्हता?’

आठ महिने मी समजत होतो की मोडला तो तानपुरा.

नानासो काठी टेकत उठले. मला वाटलं मारतात. त्यांनी मात्र इकडं तिकडं बघितलं, आमच्या ओसरीवर गेले, लोड ओढला आणि पाठ सैल सोडून त्याला टेकले. आठ महिन्यांनी. डोळे मिटून म्हणाले, ‘आता मिरजेत मी त्यो भोपळा धरून ठेवलाय, त्याचं काय करायचं?’

‘चाचांकडचा साहेब म्हणजे तुम्ही?’

‘दिवाळीच्या आधीपास्नं. तिरपुरी पुनवंला मुक्ताबाईंच्या हातात द्यायचा, असं ठरवलं व्हतं.’

मी म्हणालो, ‘पण हा माझा आहे ना वडूजचा.’

केरू हवालदारांनी पंचनाम्यासाठी टेप काढलेलाच होता. त्यांनी तो भोपळ्याभोवती फिरवला. ‘तेहतीस इंच.’ चाचांना हवे बेचाळीस. धोंडिरामनं चिठ्ठीत पाच विती लिहिल्या होत्या, त्या त्याच्या बायकोच्या, हे मला नंतर कळलं. मी मोजलाच नव्हता. पोस्टात पत्राचं वजन गुंजेपर्यंत बघणारा मी.

‘मग ह्यो उपेगाचा न्हाई,’ बाळगोंडा म्हणाले.

‘असं कसं?’ ओसरीवरून नानासो बोलले. कचेरीतला आवाज त्यांच्या गळ्यात परत आला होता. ‘हवालदार, जबाबात काय लिवलंय?’

‘पोहणे शिकणेकामी.’

‘शाईनं?’

‘शाईनं.’

‘खोडता येतंय?’

‘अजाबात न्हाई. तानपुऱ्याचं काय असंल ते तुमी घरात मिटवा.’

‘मग जोतीरामला पवाय शिकावं लागंल. न्हाईतर सरकारला खोटा जबाब दिल्यावाणी हुईल. मी तीस वर्सं कागदं बघितल्यात.’

मी मुक्ताकडं आशेनं बघितलं. ती म्हणाली, ‘बंब घासलाय का आदी?’

तर पुढच्या रविवारी, कार्तिकातल्या भल्या सकाळी, मी कृष्णेच्या घाटावर लंगोट लावून उभा. पाण्यावरून वाफा निघतायत. बाजूला आठ-आठ वर्षांची पोरं, पाठीला भोपळे. त्यांच्या रांगेत एक पोस्ट खात्याचा कायम नोकर. नानासोंनी भोपळा माझ्या पाठीला बांधला. गाठ त्यांनी मारली, माझ्या गाठीवर आता कुणाचा विश्वास नाही. लाल काठाचा पंचा मुक्तानं घरीच ठेवायला लावला. बाळगोंडा काठावर फडकं घेऊन उभे होते, आणि केरू हवालदार ड्यूटी नसताना आले होते.

मला ढकललं कुणी ते अजून कळलेलं नाही.

पाणी अंगाला चावलं. मी हातपाय मारले, बुडलो, वर आलो, आणि कानातलं पाणी निघालं तेव्हा ऐकू आलं. वरच्या पायरीवर बायकांची काकड आरती चालली होती, आणि त्यात मुक्ताचा आवाज होता. तानपुरा नाही, पेटी नाही. आठ महिने साठलेला आवाज, तो पाण्यावरून सरळ माझ्याकडं आला. मी हात हलवायचे विसरलो. भोपळ्यानं धरून ठेवलं म्हणून बरं.

नुसतं टक्कल वर ठेवून मी ऐकत राहिलो. पाठीमागं तसाच पिवळसर, ठोकळमानाने गुळगुळीत भोपळा डुलत होता.

गुणमाला वहिनींनी पायरीवरून डोळे बारीक करून बघितलं. त्यांना पुन्हा तोच घोळ पडला होता. त्यांनी मुक्ताला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, ‘वैनी, ह्यातलं तुमचं कंचं?’

मुक्ता गायची थांबली नाही. गाता गाताच तिनं हात लांब केला आणि बोट दाखवलं.

भोपळ्याकडं.